वास : निरंक

जमिनीच्या पोटातून जे वर येते ते जसेच्या तसे विकता येत नाही, आणि जे विकता येते ते जसेच्या तसे कुणाच्याच पोटातून वर येत नाही. या दोन सत्यांच्या मधल्या जागेत नळ, टाक्या आणि माणसे यांचे जे बांधकाम उभे असते त्याला कागदोपत्री 'कच्चे तेल विक्रीपूर्व प्रक्रिया केंद्र' असे भारदस्त नाव आहे. तिथे राबणारे त्याला नुसते स्टेशन म्हणतात. स्टेशनात गाडी येत नाही आणि आलेला माणूस सहसा जातही नाही, पण नाव पडले ते पडले.

विहिरीतून येणाऱ्या मालाचे शंभर भाग केले तर त्यात तेल एकोणसाठ, खारट पाणी तेहतीस, वाळू आणि गाळ चार, गॅस तीन आणि 'इतर' एक, असा हिशेब लागतो. ('इतर' म्हणजे नक्की काय, असे विचारणारा रसायनतज्ज्ञ सध्या दुसऱ्या स्टेशनात आहे.) ग्राहकाला यातले फक्त तेल हवे असते. म्हणून आधी माल सेपरेटरमध्ये जातो. तिथे गॅस वर, पाणी खाली आणि तेल मधे, अशी ज्याची त्याची जागा ज्याला त्याला दाखवून दिली जाते. तरीही काही पाणी तेलाला चिकटून राहते. त्यांची गट्टी फोडायला औषध घालतात, हीटरमध्ये तापवतात आणि मग मोठ्या टाकीत चोवीस तास नुसते बसवून ठेवतात. बसवून ठेवण्याच्या या विद्येत स्टेशनचे सर्व कर्मचारी निष्णात होते.

शेवटी उरतो तो एक गॅस. त्याचे शास्त्रीय नाव हायड्रोजन सल्फाइड, पण स्टेशनात त्याला 'अंडं' म्हणत, कारण तो नासक्या अंड्यासारखा घाणतो. "आज अंडं आहे रे," असे कुणी म्हटले की बाकीचे तोंडावर रुमाल धरून जिकडून वारा येतो तिकडे पळत. अंडे तेलातून काढायला एक उंच टॉवर होता. त्याच्या तळाचा पंखा फिरला की अंडे तेलातून निघून वरच्या ज्योतीत जळून जाई. पंखा फिरला नाही तर अंडे तेलासोबत टाकीत उतरे आणि झाकणाखाली दबा धरून बसे. आणि विक्रीआधी रोज सकाळी एका माणसाला बावन्न पायऱ्या चढून, तीन नंबरच्या टाकीचे झाकण उघडून, आत बाटली सोडून नमुना काढावा लागे. प्रक्रियेचा एवढा भाग समजला की बाकीचे आपोआप समजते.

ज्या वर्षाची ही हकिकत आहे त्याच्या आदल्या वर्षीची स्टेशनची कामगिरी अशी: विकलेले तेल, समाधानकारक, ग्राहकाने परत पाठवलेले टँकर, दोन, झालेल्या बैठका, एकशे चौदा, बैठकीत बिस्किटे कमी पडल्याच्या तक्रारी, नऊ, अपघात, निरंक (नमुना घेणारे एक गृहस्थ झाकणाशी आडवे झाले ते उठलेच नाहीत, पण पडताना ते कशावर आपटले नसल्याने त्यांची नोंद 'दीर्घ विश्रांती' या रकान्यात करावी लागली), वृक्षारोपण, दोनशे रोपे, त्यांपैकी जगलेली, सात. सातातली पाच साहेबांच्या बंगल्यापुढे होती, आणि त्यांना पाणी घालायला स्वतंत्र माणूस होता.

अंड्याचा सुगावा लागावा म्हणून टाक्यांभोवती चार यंत्रे बसवलेली होती. गॅस आला की ती किंचाळत. एका तिमाहीत ती दोनशे बारा वेळा किंचाळली. हे फारच झाले, असे सर्वांचे मत पडून सात जणांची चौकशी समिती नेमण्यात आली. समितीने यंत्रांना आपली बाजू मांडण्याची पूर्ण संधी दिली. (समिती जवळ जाताच ती वाजली.) अहवालाचा निष्कर्ष असा होता: दोनशे बारांपैकी दोनशे नऊ वेळा यंत्रे गॅस असतानाच वाजलेली आहेत, सबब ती स्वतंत्र बुद्धीने काम न करता परिस्थितीच्या आहारी गेलेली दिसतात, शिवाय त्यांच्या आवाजाने कर्मचाऱ्यांत गॅस असल्याचा समज पसरतो. यंत्रे उतरवून, खोक्यात घालून स्टोअरमध्ये जमा करण्यात आली.

त्यांच्या जागी काय, हा प्रश्न समितीने एका वाक्यात सोडवला. निसर्गाने प्रत्येक कर्मचाऱ्याला एक नाक दिलेले आहे आणि ते आजवर कार्यालयीन कामासाठी वापरलेच गेलेले नाही. नाकाचे फायदे परिशिष्टात दिले होते. नाकाला सेल लागत नाहीत. नाक वाजत नाही (सर्दी वगळता). नाक दरवर्षी प्रमाणित करून घ्यावे लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, नाकाला वरिष्ठांचा धाक असतो.

अशा रीतीने 'गंधनिरीक्षक' हे पद निर्माण झाले आणि त्यावर नाकोबाची नेमणूक झाली.

नाकोबा हे अर्थातच त्याचे खरे नाव नव्हे. तो पंपावर बावीस वर्षे काढलेला, सरळ नाकासमोर चालणारा माणूस, पण नाक मात्र जबर. कुणी सिगारेट ओढून तीन तास झाले तरी तो ओळखे. शेजारच्या घरात औषधाची बाटली फुटली तर कुठल्या दुखण्याची, हेही सांगे. निवडीच्या वेळी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून पाच बाटल्या हुंगायला दिल्या. त्याने पाचही ओळखल्याच, वर परीक्षकांपैकी कुणी मोजे बदललेले नाहीत तेही सांगून टाकले. (हे गुण नंतर वजा करण्यात आले.) नेमणुकीबरोबर त्याला एक खुर्ची, एक नोंदवही आणि दोन रुमाल मिळाले. खुर्ची मिळाल्यावर माणूस बदलतो म्हणतात, ते खोटे नाही. नाकोबा घरी जाऊन हात न धुताच म्हणाला, "आजपासून माझ्या सहीशिवाय टाकीवर कुणी चढत नाही."

बायको भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"कुणी म्हणजे माझा भाऊच ना?"

नमुना घेणाऱ्याची जी जागा आदल्या वर्षी रिकामी झाली होती ती नाकोबाच्या मेहुण्याला मिळाली होती, आणि नाकोबानेच खटपट करून मिळवून दिली होती. मेहुणा चाळिशीचा, गोल, हसरा, जगातली कुठलीही गोष्ट मनावर न घेणारा. नमुने गोळा करण्याची नोकरी लागल्यापासून घरात त्याला नमुनाच म्हणत, आणि त्यालाही ते आवडे.

"हो, तोच," नाकोबा म्हणाला.

"मग नीट हुंगा हो," ती म्हणाली. "पाठचा एकुलता एक भाऊ आहे माझा. तुमच्या नाकावर सोडतेय त्याला."

नाकोबाने मान डोलावली. त्या क्षणी त्याला आपल्या नाकाचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी भीतीही वाटली. पैकी अभिमानाची नोंद वहीत करता येत होती.

वासाच्या प्रती ठरवून देण्यात आल्या. प्रत पाच: असह्य (अशा वेळी वास घेणाऱ्याने किरकोळ रजेचा अर्ज करावा). प्रत चार: उग्र. प्रत तीन: नकोसा. प्रत दोन: सवयीचा. प्रत एक: आला की नाही असा. आणि सर्वांत वर, म्हणजे सर्वांत खाली, 'निरंक'. पहिल्या आठवड्यात नाकोबाने इमानाने चार, चार, पाच, चार, तीन, चार असे आकडे लिहिले. ज्या दिवशी चार त्या दिवशी मेहुणा खालीच थांबे. नमुना निघत नसे, नमुना नाही म्हणून विक्री होत नसे, आणि टँकर फाटकाबाहेर रांगेत उभे राहत. मोठ्या साहेबांनी, म्हणजे केंद्रप्रमुखांनी, नाकोबाला बोलावून घेतले.

मोठे साहेब हे अतिशय शांत गृहस्थ होते. टॉवरच्या पंख्याचा बेअरिंग मोडला त्या दिवशीही ते इतके शांत होते की लोकांना वाटले अजून त्यांना कळलेले नाही. ते म्हणाले, "तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल वाद नाही. पद्धत चुकतेय. तुम्ही गेल्या गेल्या वास घेता."

"मग कधी घ्यायचा, साहेब?"

"तेल टाकीत आल्या आल्या आपण मोजतो का? बसू देतो. निवळू देतो. मग मोजतो. तेलाला चोवीस तास देता आणि नाकालाच एवढी घाई?"

त्याच दिवशी परिपत्रक निघाले. गंधनिरीक्षकाने टाकीच्या पायथ्याशी पाव तास स्वस्थ उभे राहावे, नाक स्थिरस्थावर होऊ द्यावे आणि त्यानंतरच प्रत नोंदवावी. नाकोबा दुसऱ्या दिवशी टाकीपाशी गेला तेव्हा वास चार प्रतीचा होता. पाच मिनिटांनी तो तीन वाटला. दहा मिनिटांनी एक. पाव तास भरला आणि काय आश्चर्य, वासच नाही! त्याने दोनदा हुंगून पाहिले, रुमाल झटकून पाहिला. मग त्याने स्टेशनच्या इतिहासातला पहिला निरंक लिहिला. साहेबांनी तो आकडा लाल शाईने चौकटीत बसवला आणि सर्वांना बिस्किटे वाटली. (या खेपेस ती पुरली.)

पुढचे सगळे तर्काला धरून झाले. वास निरंक म्हणजे गॅस निरंक. गॅस निरंक म्हणजे टॉवरची गरज निरंक. गरजच नाही तर पंखा दुरुस्त कशाला करायचा? तेव्हा पंख्याची फाईल बंद झाली. पंखा बंद, टॉवर बंद, अंडे सगळेच्या सगळे तेलाबरोबर टाकीत, आणि वहीत रोज निरंक. टॉवर चालू असताना जो वास येत होता तो टॉवर बंद केल्यावर गेला, तेव्हा वास टॉवरमुळेच येत असला पाहिजे, असा एक निबंधही साहेबांनी एका परिषदेत वाचला. परिषदेत कुणी नाक मुरडले नाही.

आठवड्यातून एकदा स्टेशनवर येणारे डॉक्टर होते. त्यांनी मात्र नोंदवही पाहून कपाळाला हात लावला. "अहो, हा वायू थोडा असतो तेव्हा घाणतो. वाढला की आधी नाकच मारतो. वास येतो तोवर पळायला वेळ आहे. वास एकाएकी गेला की समजा, आता पळायलाही वेळ नाही." हे म्हणणे बैठकीत ठेवण्यात आले आणि त्यावर असा शेरा पडला: 'डॉक्टरांचे मत वैद्यकीय स्वरूपाचे असल्याने तांत्रिक बाबींस लागू होत नाही. डॉक्टरांनी खोकल्यापुरते पाहावे.' पुढच्या महिन्यापासून डॉक्टर दुसऱ्या स्टेशनात खोकला पाहू लागले.

तीन महिने ओळीने निरंक लागल्याबद्दल मुख्यालयाने स्टेशनला 'गंधमुक्त केंद्र' अशी अक्षरे कोरलेली चांदीची ढाल दिली. ती साहेबांच्या खोलीत काचेच्या कपाटात लावली. नवव्या दिवशी ती तांबूस झाली, विसाव्या दिवशी काळी ठिक्कर. हा गॅस चांदी काळी करतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते, पण शाळेतल्या पोरांची स्टेशनात भरती होत नाही. ढाल पुसायला एक माणूस नेमला. तो रोज सकाळी ती लख्ख करी आणि संध्याकाळपर्यंत ती पुन्हा तोंड काळे करी. अखेर साहेबांनी मुख्यालयाला कळवले की पुरवलेली चांदी हिणकस आहे, सबब पुढची ढाल सोन्याच्या पाण्याची असावी. मुख्यालयाने ते तत्काळ मान्य केले. मधल्या काळात टाकीच्या उबदार पायरीवर झोपणारे मांजर कुठेसे निघून गेले. कॉलनीतल्या बायकांचे चांदीचे चमचे काळे पडले. टाकीच्या माथ्यावर बसणाऱ्या चिमण्यांची संख्या साठावरून निरंकवर आली. ही एकच गणना स्टेशनात अचूक होती आणि ती कुणी केलेली नव्हती.

आणि मेहुणा रोज सकाळी बावन्न पायऱ्या चढत होता. "दाजी, सही?" तो पायथ्याशी येऊन विचारी. नाकोबा वही पुढे करी. मेहुणा शीळ घालत वर जाई, झाकण उघडताना तोंड फिरवून श्वास धरी (ही युक्ती त्याची स्वतःची, प्रशिक्षणात नव्हती), बाटली बुडवी आणि लगबगीने उतरे. हल्ली खाली आल्यावर त्याचे डोके दुखे. तो म्हणे, "चष्मा लागला वाटतं."

सहा महिने भरायला चार दिवस उरले असताना नाकोबा संध्याकाळी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला होता. बायको शेगडीवर दूध ठेवून शेजारी गेली होती. थोड्या वेळाने ती धावत आली, तिच्यामागे शेजारची आणि तिच्यामागे पलीकडची. घर धुराने भरले होते. दूध आटून, करपून, पातेल्याला काळा थर धरलेला, आणि नाकोबा हातभर अंतरावर बसून शब्दकोड्यातला सातवा आडवा शब्द शोधत होता.

"अहो!" बायको ओरडली. "नाकाला काय झालंय तुमच्या?"

नाकोबाने पातेल्यात तोंड घातले. काहीच नाही. त्याने फिनेलची बाटली हुंगली. काही नाही. मेहुण्याचे मोजे मागवून हुंगले. तरीही काही नाही. सहा महिने त्याने जो निरंक लिहिला होता तो टाकीचा नव्हता. तो त्याच्या नाकाचा होता. आणि त्या निरंकावर त्याने आपल्या बायकोचा पाठचा भाऊ रोज सकाळी वर चढवला होता. नाकोबाला रडू आले. बायकोला वाटले, दुधासाठी रडतोय.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, माझं नाक गेलं."

"कुठं?"

"म्हणजे बंद पडलंय. काल घरात दूध करपलं, अख्खी चाळ धावत आली, मला पत्ता नाही. साहेब, त्या वहीतलं काही खरं नाही. टाकीत काय आहे देव जाणे. पंखा बंद, यंत्रं नाहीत, आणि मी हा असा. आजपासून कुणाला वर पाठवू नका."

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले, पाणी मागवले आणि ते नाकोबाला न देता स्वतः प्यायले.

"एक सांगा. बंद पडलेलं यंत्र बोलतं का?"

"नाही."

"तुम्ही बोलताय. म्हणजे तुम्ही चालू आहात."

"साहेब, माझा मेहुणा चढतो वर!"

"अरेरे. म्हणजे यात तुमचे वैयक्तिक हितसंबंध आहेत. हे आधी लेखी कळवायला हवं होतं." साहेबांनी तशी टीप केली. "गुरुवारी सोन्याची ढाल घेऊन संचालक येतायत. त्यांच्यासमोर नमुना काढून दाखवायचाय. तेवढं पार पडू दे. मग तुमच्या नाकासाठी समिती नेमू."

"मी सही करणार नाही."

"नका करू," साहेब प्रेमाने म्हणाले. "सहा महिन्यांच्या सह्या एकसारख्याच आहेत. कालची आजही चालेल."

घरी मेहुण्याला सांगावे तर तो ऐकेना. "दाजी, सहा महिने चढतोय, काही झालं का? आणि गुरुवारी संचालक खालून बघणार. नवीन शर्ट शिवलाय मी." त्याच्या बहिणीने त्याला शपथ घातली. त्याने शपथही हसून खिशात घातली. ज्याचे नाक ठीक असते त्याचे डोके ठीक असेलच असे नाही, ही गोष्ट नाकोबाला उशिरा समजली.

गुरुवारी सकाळी मांडवात खुर्च्या मांडत होते तेव्हा नाकोबा स्टोअरमध्ये शिरला. भांडारपाल टेबलावर पाय ठेवून रेडिओ ऐकत होता.

"ती चार यंत्रं आहेत ना, त्यांतलं एक पाहिजे."

"ती होय!" भांडारपाल म्हणाला. "त्यांनी डोकं उठवलं होतं माझं. खोक्यात बंद असूनसुद्धा वाजायची. दिवसभर! शेवटी सेल काढून रेडिओत घातले, तेव्हा कुठं जीव शांत झाला."

हे स्टोअर टाक्यांपासून चाळीस पावलांवर होते. नाकोबाने हात पुढे केला. "दे लवकर."

"मागणीपत्र?"

"नाही."

"साहेबांची सही?"

"नाही."

भांडारपालाने सुस्कारा सोडला. तो मनाने वाईट नव्हता, नियमाने होता. "मग देता येणार नाही. पण मी आता चहाला जातोय. मागे चोरी झाली तर त्याचा फॉर्म वेगळा असतो, त्याला सही लागत नाही."

नाकोबाने रेडिओचे सेल काढून यंत्रात घातले तेव्हा मांडवात संचालकांचे भाषण संपत आले होते. 'जिथे नाक, तिथे संस्कृती,' असे काहीसे ते म्हणत होते. टाळ्या पडल्या. मेहुण्याने नव्या शर्टाची बटणे लावली, मांडवाकडे पाहून हात हलवला आणि पायऱ्या चढायला लागला. नाकोबा यंत्र छातीशी धरून टाकीकडे धावला. चोपन्न वर्षांचे पोट घेऊन माणूस जितका धावतो तितका धावला. टाकीच्या पायथ्याशी पोचताच यंत्र किंचाळले. ते असे किंचाळले की सहा महिन्यांची सगळी थकबाकी त्याने एका दमात वसूल करून घेतली.

मेहुणा सेहेचाळिसाव्या पायरीवर होता. त्याने वाकून पाहिले. खाली दाजी दोन्ही हातांत ते किंचाळते खोके उंच धरून काहीतरी ओरडत होते, आणि मांडवातली सगळी माणसे दाजींकडे पाहत होती. त्याच्याकडे कुणीच पाहत नव्हते. मेहुण्याला संताप आला. गॅसच्या भीतीने जो कधी एक पायरी उतरला नसता तो अपमानापायी सेहेचाळीस उतरला.

"दाजी, काय हे! पाहुण्यांसमोर माझी शोभा केलीत!"

नाकोबाने यंत्र टाकले, नव्या शर्टाची कॉलर दोन्ही मुठींत धरली आणि मेहुण्याला फरफटत फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे, वाऱ्याच्या बाजूला नेले. तिथे बसून तो हमसून हमसून रडला. कॉलर त्याने सोडली नाही. ती फाटली तरी सोडली नाही.

मांडवात संचालकांनी विचारले, "हा आवाज कसला?"

"आपल्या स्वागताची सलामी," मोठे साहेब म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या झाल्या. नमुन्याची बाटली आदल्या दिवशीची होतीच. ती दाखवण्यात आली, सोन्याची ढाल देण्यात आली, तेल विकले गेले.

नाकोबावर चार आरोप ठेवले गेले: शासकीय किंकाळीचा विनापरवाना वापर, रेडिओ बंद पाडणे, पूर्वसूचना न देता नाक निकामी करून घेणे, आणि एक नमुना खाली उतरवणे. चारही सिद्ध झाले. तो आता घरी असतो. दूध तापत ठेवले की बायको त्याला शेगडीपासून लांब बसवते, पण भावाच्या जेवणाआधी नवऱ्याचे ताट वाढते. मेहुणा महिनाभर दाजींशी बोलला नाही. मग एक दिवस त्याची डोकेदुखी थांबली. तेव्हा त्याने बोटांवर हिशेब केला आणि पुन्हा काही त्या पायऱ्यांकडे फिरकला नाही. यंत्र स्टोअरमध्ये परत गेले आणि सेल रेडिओत.

त्यामुळे स्टेशनात सध्या दोन जागा रिकाम्या आहेत, एक गंधनिरीक्षकाची आणि एक नमुना घेणाऱ्याची. पहिल्या जागेसाठी पात्रता एवढीच की उमेदवाराला नाक असावे. ते चालू असण्याची अट मागच्या अनुभवावरून शिथिल केली आहे. मुलाखत नाही, फक्त वाचनाची परीक्षा असते. उमेदवाराला एक लांबलचक मजकूर देतात. त्यात कुठेतरी कंसात एक माणूस मेलेला असतो, बिस्किटांच्या तक्रारी आणि वाळलेली रोपे यांच्या मधे. उमेदवार तिथे थांबतो का, एवढेच पाहायचे असते.

आपण थांबला नाहीत. थोडे हसलात आणि सात रोपांकडे वळलात. पुढे नाकोबाच्या मेहुण्यासाठी आपला जीव खालीवर झाला असेल, नाही असे नाही, पण त्याच्या आधी त्याच पायऱ्या चढून गेलेला माणूस कोण होता, हे विचारायला आपण एकदाही मागे फिरला नाहीत. (त्याला दोन मुली आहेत. धाकटी अजून विचारते की बाबांची विश्रांती कधी संपणार.)

आपली निवड झाली आहे. सोमवारी सकाळी आठ वाजता हजर व्हावे. येताना दोन रुमाल आणावेत, आणि वर चढवायला घरातले एखादे माणूस.